चित्राखालचा आवाज

विश्राम घाडीचं एक ठाम मत होतं. दुरुस्तीला येणाऱ्या निम्म्या वस्तू बिघडलेल्याच नसतात. कोणीतरी नको तिथे हात घातलेला असतो आणि मग यंत्राच्या नावाने खडे फोडले जातात. कळव्यात दुकान थाटून त्याला चौदा वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात या मताला धक्का लागेल असं फारसं काही घडलं नव्हतं. म्हणून शहाण्णव सालच्या जानेवारीत चेंदणी कोळीवाड्यातून सहदेव नाखवांचा फोन आला आणि आवाजही गेला, चित्रही गेलं, असं ते सांगू लागले, तेव्हा गेलेलं काहीच नसणार हे विश्रामने तिथेच ठरवून टाकलं. हत्यारांची पिशवी स्कूटरला अडकवून, खाडीपूल ओलांडून तो ठाण्यात आला.

नाखवांच्या घरात लग्न होतं. धाकटी मुलगी मालू, तिची हळद आठ दिवसांवर आली होती. तिच्या लग्नासाठी थोरला कान्हा मस्कतहून सुट्टीवर आला होता आणि येताना त्याने भलं मोठं सामान आणलं होतं. काळा, जाडजूड रिसीव्हर, म्हणजे ज्याच्यातून टीव्ही, व्हीसीआर, टेप सगळ्यांचा आवाज मोठ्या स्पीकरवर जातो तो डबा. नवा हाय-फाय व्हीसीआर. आणि माणसाच्या छातीएवढे उंच दोन स्पीकर. जोडणी त्याने स्वतःच केली होती आणि ती केल्या केल्या तो पत्रिका वाटायला मुरबाडकडे निघून गेला होता. आता रविवारी व्याही येणार, त्यांना कान्हाच्या लग्नाची कॅसेट दाखवायची, आणि डब्यातून नुसती घरघर येतेय, असं सहदेव काकुळतीला येऊन सांगत होते.

दाराजवळ चटईवर दोघीजणी सुपात हळकुंडं निवडत बसल्या होत्या. एक सहदेवांची बायको सरस्वती. दुसरीला विश्राम ओळखत नव्हता, पण दोघींचं बोलणं चालू होतं त्यावरून ती कोण हे त्याला लवकरच कळलं. ती तुळसा, गावची धवलारीण. कोळ्यांच्या लग्नात भटजी येतो तो आपल्या वेळेला. त्याच्या कितीतरी आधीपासून धवलारीण लागते. हळद दळण्यापासून पुढच्या प्रत्येक विधीचा धवला असतो, म्हणजे त्या त्या वेळी म्हणायचं गाणं, आणि ते म्हणणारी बाई नसेल तर लग्न अडून बसतं. कळव्यात राहून विश्रामला एवढं ठाऊक होतं.

आणि तुळसा आली होती ती नाही म्हणायला.

धवला दोघी म्हणतात. एक पुढे म्हणते, दुसरी मागून उचलते. तुळसाने वीस वर्षं तिची आई रंगूबाई हिच्या मागून उचललं. दोन वर्षांपूर्वी रंगूबाई गेली. त्यानंतर तुळसाने दोन लग्नांची बोलावणी नाकारली होती आणि हे तिसरं. तिला अडचण होती ती देवांच्या आवतणाची. हळद दळताना जात्यावर सगळ्या देवांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं असतं, गावदेवीपासून एकवीरेपर्यंत, मग घरातले गेलेले वाडवडील, आणि ते सगळं ठरल्या क्रमाने. मध्ये अडखळायचं नाही. अडखळलं तर पोरीच्या संसाराला लागतं, असं तुळसा मानत होती, आणि मालूला तर तिने अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"मना पुढचं येत नाय, वयनी," ती म्हणाली. "मी जल्मभर मागंच होते. भिवंडीकडची बाई सांगून ठेव."

सरस्वतीला हे मुळीच पटत नव्हतं. तिच्या स्वतःच्या लग्नात रंगूबाई होती, कान्हाच्या लग्नातही होती. परक्या गावची बाई आणून तिला आपल्या वाडवडिलांची नावं कागदावर लिहून द्यायची, या कल्पनेनेच तिचं तोंड कडू झालं होतं. पण तुळसा मान हलवत राहिली. संध्याकाळपर्यंत भिवंडीला निरोप धाडायचा, असं दोघींचं रडतखडत ठरलं.

इकडे विश्राम रिसीव्हरच्या पाठीमागे डोकं घालून बसला होता आणि त्याचं मत पुन्हा एकदा खरं ठरत होतं. पिवळी तार, जी चित्राची, ती कान्हाने आवाजाच्या भोकात खुपसली होती. चित्र येणार कुठून? ती काढून जागेवर लावली तशी पडद्यावर माणसं दिसू लागली. उजव्या स्पीकरच्या दोन तारा एकमेकींच्या जागी गेल्या होत्या, त्यामुळे दोन्ही स्पीकर एकमेकांवर रुसल्यासारखे वाजत होते आणि मधला आवाज पोकळ येत होता. त्या सरळ केल्या. घरघर होती ती अर्थिंगची. प्लग बदलला आणि ती थांबली. एका सिनेमाची कॅसेट घालून पाहिली तर आवाज असा खणखणीत निघाला की शेजारची दोन माणसं डोकावून गेली. विश्रामने हात पुसले.

मग सहदेवांनी लग्नाची कॅसेट आणली, पेटीतून दागिना काढावा तशी. या कॅसेटचा त्यांना भारी अभिमान. त्या काळी शूटिंगवाला लग्नाचे मूळ आवाज पुसायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवून द्यायचा. सहदेवांनी तर अकरा गाणी स्वतः निवडली होती. हळदीला कुठलं, वरातीला कुठलं, याची यादीच करून दिली होती, आणि सहा वर्षं ज्याला त्याला सांगितलं होतं.

कॅसेट सुरू झाली आणि गाण्यांचा पत्ता नाही. भांडी पडताहेत, पोर रडतंय, कोणी कोणाला पाण्याचा तांब्या मागतंय, बायकांचा गलका आणि त्याच्या मागे कसलीशी लांबलचक गुणगुण. सहदेवांचा चेहरा पडला. बघा, हेच म्हणत होतो, गाणी गेली, मशीनने कॅसेट खाल्ली, असं ते म्हणाले.

विश्रामने क्षणभर विचार केला. सिनेमा नीट वाजतो आणि हीच कॅसेट वाजत नाही, म्हणजे दोष तारांत नाही. व्हीसीआरच्या पुढच्या पट्टीवर एक बारीक बटण होतं, एका बाजूला हाय-फाय आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल असं लिहिलेलं. त्याने ते नॉर्मलवर सरकवलं. गलका गप्प झाला आणि सहदेवांचं पहिलं गाणं दणक्यात वाजू लागलं. सहदेव इतके खूष झाले की त्यांनी आतमध्ये चहा सांगितला. विश्राम पक्कड आणि पेचकस पिशवीत भरू लागला.

"मघाशी काय वाजत होतं?" तुळसाने विचारलं. तिच्या हातातलं हळकुंड हातातच होतं.

काही नाही, जुना गोंगाट, बटण चुकीचं होतं, असं विश्राम सांगत होता, तोच ती म्हणाली, "त्याच्यात माझी आय होती."

विश्रामचा पिशवीतला हात तिथेच राहिला. गोंगाटामागची ती गुणगुण त्याने खराबी म्हणून मोजली होती आणि खराबी म्हणूनच बंद केली होती. त्याला मनापासून लाज वाटली. त्याने बटण परत सरकवलं आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. अशा कॅसेटवर आवाज दोन जागी असतो. एक कडेच्या अरुंद पट्टीवर आणि दुसरा थेट चित्राखाली. शूटिंगवाल्याकडे बाहेरून आणलेला मोठा कॅमेरा असणार, त्याने दोन्हीकडे आवाज घेतला. गाणी चढवताना पुसली गेली ती फक्त कडेची पट्टी. चित्राखालचा आवाज पुसायचा तर चित्रच पुसावं लागतं. तुमचा जुना व्हीसीआर फक्त कडेची पट्टी वाचायचा, म्हणून सहा वर्षं तुम्ही गाणी ऐकत होतात.

"म्हणजे रंगूबाई तितंच होती," सरस्वती म्हणाली आणि तिने नवऱ्याकडे असं काही पाहिलं की अकरा गाण्यांचा धनी खाली बघू लागला.

हळद दळायचा भाग शोधायला वेळ लागला, कारण तो घरात कोणी कधी धड पाहिलाच नव्हता. शूटिंगवाला कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर तसाच चालू ठेवून चहाला गेला होता, आणि पडद्यावर पाऊण तास नुसतं फिरणारं जातं, पिवळी झालेली दोन-चार मनगटं आणि भिंत. धवलारणी जात्याच्या दोन अंगांना बसलेल्या, चेहरे चित्राच्या बाहेर. पाहुण्यांना दाखवताना हा भाग नेहमी पुढे पळवला जायचा.

आवाज होता, पण फाटका. मधूनमधून चर्रचर्र करून तुटत होता. विश्रामने फीत वाचायची जागा जुळवणारं ट्रॅकिंगचं चाक केसभर फिरवलं. आवाज सुधारला, पण चित्राच्या तळाशी पांढऱ्या रेघा आल्या. उलटं फिरवलं तर चित्र स्वच्छ आणि आवाज पुन्हा फाटका. दोन्ही एकदम मिळेनात. सहदेवांनी सवयीने रेघांबद्दल तक्रार केली. चित्र मेलं चुलीत जाऊ दे, असं सरस्वतीने सांगितल्यावर विश्रामने डोळे मिटले आणि नुसत्या कानाने चाक फिरवत नेलं. पडदा निम्मा रेघांनी भरला तेव्हा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा मोकळा झाला. त्याने टेपमध्ये कोरी कॅसेट घातली आणि भरायला लावली.

रंगूबाई गात होती. डाव्या स्पीकरमधून ती पुढे म्हणायची आणि उजव्या स्पीकरमधून तुळसा मागून उचलायची. आवाजांची अशी वाटणी एरवी फक्त महागड्या रेकॉर्डवर सापडते, ती जात्याच्या घरघरीत सापडली म्हणून विश्राम मनात खूष झाला. दोघींचा आवाज एकाच वाणाचा, बाजू सोडली तर वेगळा काढणं कठीण. तुळसा डोळे मिटून बसली होती. तिचे गाल ओले झाले होते आणि ते पुसायचंही तिला भान नव्हतं.

देवांचं आवतण सुरू झालं. गावदेवी आली. खाडीवरचा देव आला. आणि विश्रामच्या कपाळाला आठी पडली. पुढचा आवाज आता उजवीकडून येत होता आणि मागचा डावीकडून. सैल तार, त्याला वाटलं. उजव्या स्पीकरला आपणच हात लावला होता. कॅसेट थांबवून तो पुन्हा रिसीव्हरच्या पाठीमागे गेला. तारा घट्ट होत्या. प्रत्येक टोक ओढून पाहिलं, एकही हललं नाही. कॅसेट मागे घेऊन लावली तर अगदी त्याच जागी, गावदेवीच्या नावाशी, आवाजांनी पुन्हा बाजू बदलल्या. कॅमेरा तिकाटण्यावर, भिंत जागची हललेली नाही. यंत्रात काहीच बिघडलं नव्हतं.

विश्राम उठून पुढे आला.

"ताई," त्याने विचारलं, "जात्याच्या उजव्या अंगाला कोण बसलं होतं?"

तुळसाने डोळे उघडले. "मी."

"मग आवतण तुम्ही म्हणताय. आई मागून उचलतेय."

असं कसं होईल, आय पुढे होती, आय जन्मभर पुढेच होती, असं ती म्हणू लागली. विश्रामने डावा स्पीकर बंद केला. उजव्यातून एकटा आवाज येत राहिला, एकामागून एक देवाला हाक मारत. एकवीरा आली, नाखवांचे वाडवडील आले, आणि कुठे खळ पडला नाही. मग त्याने उजवा बंद करून डावा लावला. तिथे रंगूबाई होती. प्रत्येक ओळीचं शेवटचं टोक तेवढं हलकेच उचलत होती, आणि बाकी वेळ गप्प बसून ऐकत होती.

त्या दिवशी आपण कधी पुढे गेलो हे तुळसाला कळलंच नव्हतं. हातात जात्याचा खुंटा, डोळ्यांवर झोप आणि शेजारी आई. या भरात आईने हळूच जागा सोडली होती आणि सोडल्याचं कुणालाही कळू दिलं नव्हतं, लेकीलाही नाही.

विश्रामने दोन्ही स्पीकर लावले. आवतण संपलं. तुळसाने पदराने तोंड पुसलं आणि सूप पुन्हा मांडीवर ओढलं. जरा वेळाने सरस्वतीने हळूच विचारलं, भिवंडीला निरोप धाडायचा ना?

"नको," तुळसा म्हणाली. "मागून उचलायला कोन मिळते का, ते बग."