धुक्यातला पांढरा झेंडा

मी झेंडा बोलतोय. सलाम ठोकू नका, मी कुठल्या देशाबिशाचा नाही. जपानच्या होक्काइदो बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर शिओमी नावाचं एक गाव आहे, त्या गावाचा मी होतो, आणि तोही एका उन्हाळ्यापुरता. सध्या टोकियोत, एदोगावातल्या एका खोलीत, जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत पडलोय. उद्या मंगळवार. जळणारा कचरा मंगळवारी उचलतात. म्हणून जे सांगायचं ते आजच.

जन्मानं मी धोतर. इचलकरंजीच्या मागावर विणलेलं, बारीक लाल काठाचं. वेंगुर्ल्याचा गुरुनाथ मासेमारीचं शिक्षण घ्यायला आमच्या जवळच्या कुशिरो शहरात आला, शिओमीच्या हारुएच्या प्रेमात पडला आणि परत जायचं विसरला. त्याच्या भावानं मला लग्नासाठी पोस्टानं पाठवलं. गुरुनाथनं मला तासभर नेसलं, थंडीनं कुडकुडला, पँट चढवली, आणि मी बावीस वर्षं ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून राहिलो.

मला बाहेर काढलं त्याच्या पोरीनं. निशिगंधा, वय वीस, कुशिरोचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून घरी बसलेली. साल शहाण्णव. गावाचा जुना झेंडा वाऱ्यानं फाटला होता.

"बाबा, ते तुमचं पांढरं कापड घेऊ?"

"अगं, ते माझं लग्नाचं धोतर आहे."

"मग? परत लग्न करणार आहात का?"

गुरुनाथ खो खो हसला. "घे बाई. निदान वारा तरी खाईल."

तिनं माझे काठ कापले, दुहेरी शिवण घातली, पितळी कड्या ठोकल्या. धोतराचा झेंडा झालो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं होतं.

आता माझं काम काय, ते ऐका. शिओमीत कोंबू काढतात. समुद्राच्या तळाशी उगवणारी, पट्ट्यासारखी लांबच लांब वनस्पती. होडीच्या काठावर गुडघे टेकायचे, लांब काठी पाण्यात घालायची, पीळ द्यायचा आणि ओढायचं. जूनमधला कोंबू कोवळा, त्याला मान मोठा. पण तो कुणी मनाला येईल तेव्हा काढायचा नाही. पहाटे टेकाडावर झेंडा चढतो. पांढरा चढला तर सगळ्या होड्या एकदम सुटणार. लाल चढला तर कुणीही पाण्यात जाणार नाही, गेलेले परत फिरणार. पांढरा मी. लाल माझा थोरला भाऊ, गावात सगळ्यांचा नावडता.

झेंडा चढवणारा माणूस एकच, तोकुझो. हारुएचा बाप, निशिगंधाचा आजा, वय शहाहत्तर. एकतीस वर्षं दोरी त्याच्या हातात. तो पहाटे टेकाडावर यायचा आणि आभाळाकडे बघायचा. समुद्राकडे नाही, आभाळाकडे! कारण काढलेला कोंबू त्याच दिवशी उन्हात वाळला पाहिजे, नाहीतर डागाळतो. म्हणजे झेंडा ठरवायचा तो कोंबूच्या सोयीनं. माणसं वाळत घालायची नसतात, त्यामुळे त्यांचा विचार कुणी केलेला नव्हता.

आणि त्या किनाऱ्यावर उन्हाळ्याची सुरुवात म्हणजे धुकं. दक्षिणेकडून उबदार वारा येतो, त्या बर्फासारख्या पाण्यावर पोचतो आणि बघता बघता पांढरी भिंत उभी राहते. तिथले लोक त्याला 'गासु' म्हणतात. दहा हातांवरचं दिसत नाही.

एप्रिलमध्ये मच्छीमार सोसायटीच्या सभेत मला टेबलावर घडी करून ठेवलं होतं, सगळ्यांनी बघावं म्हणून. निशिगंधा मागे चहा देत होती. किटली हातात धरूनच तिनं विचारलं, "धुकं आलं तर झेंडा दिसणार कसा?"



"धुकं असलं तर मी पांढरा लावणारच नाही," तोकुझो म्हणाला.

"आणि लावल्यावर आलं तर?"

"एकतीस वर्षांत आलं नाही."

"आलं होतं. साकाए-सानचा थोरला गेला तेव्हा."

"त्याला समुद्रानं नेलं. झेंड्याचा काय संबंध?"

"मग टेकाडावर हातानं फिरवायचा एक भोंगा ठेवा. नाहीतर रिकामं पिंप ठेवा, बडवायला. ते तरी ऐकू येईल."

म्हाताऱ्यानं चहाचा घोट घेतला. "कॉलेज झेपलं नाही, आता समुद्राला शिकवतेय."

सभा हसली. सगळेच हसले. गुरुनाथसुद्धा हसला, जरासा, खाली बघून. ते मी पाहिलं. निशिगंधानंही पाहिलं.

हसण्याचं काय आहे, त्या गावात माणसं हसण्याला जेवढी घाबरायची तेवढी मरणाला नाही. प्रत्येक होडीत एक नारिंगी लाइफ जॅकेट असायचं. अंगात कुणी घालत नसे. गुडघ्यांखाली घ्यायचे, होडीचा काठ टोचू नये म्हणून! गुरुनाथनं पहिल्या वर्षी घातलं होतं, तर धक्क्यावरून आवाज आला, "काय इंडो-सान, पोहता येत नाही वाटतं?" वेंगुर्ल्याच्या खाडीत वाढलेला माणूस. त्यानं दुसऱ्या दिवशी जॅकेट काढलं आणि गुडघ्यांखाली घातलं. त्या दिवशी म्हणे त्याला पहिल्यांदा कुणीतरी सिगारेट दिली. पण नाव 'इंडो-सान'च राहिलं, म्हणजे 'इंडियावाले', बावीस वर्षं. आणि कोंबू काढायला जागा मिळाली ती सगळ्यांत लांबची, बाहेरच्या खडकाजवळची.

जून उजाडला. कोवळ्या कोंबूचा हंगाम मोजक्या दिवसांचा, आणि पहिले पाच दिवस धुकं हटेना. पाच दिवस माझा भाऊ वर, मी खाली पेटीत. लोक टेकाडाखाली जमायचे, वर बघायचे, थुंकायचे. एक जण म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "तोकुझो-सानना आता आभाळ नीट दिसत नसेल." दुसरा म्हणाला, "दोरीला वय झालं."

सहाव्या दिवशी पहाटे गुरुनाथ माझी पेटी घेऊन सासऱ्याबरोबर टेकाडावर आला. पेटी वाहायचं काम जावयाचं. मागोमाग निशिगंधा, हातात बापाचा डबा आणि ट्रान्झिस्टर. रेडिओ सांगत होता, किनाऱ्यावर दाट धुक्याचा इशारा, लहान होड्यांनी काळजी घ्यावी. तोकुझोनं तिच्या हातातून ट्रान्झिस्टर घेतला आणि बंद केला.

"हा सप्पोरोत खिडकी लावून बसलाय. त्याला काय कळतंय?"

पूर्वेला ढग फाटले होते. खरंच ऊन होतं. म्हातारा त्या उन्हाकडे असा बघत होता, जणू कुणीतरी त्याची इज्जत परत आणून दिली होती.

निशिगंधा बापाला हळूच मराठीत म्हणाली, "बाबा, आज जॅकेट घाला. खाली नका घेऊ, अंगात घाला."

"अगं, हसतील लोक."

"हसू देत."

"तुझं ठीक आहे. तू आज ना उद्या टोकियोला जाशील. मला इथंच राहायचंय."

त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि उतारावरून निघाला.

पाच वाजता मला चढवलं. काय सांगू, पाच दिवस घडी होऊन पडलो होतो, वाऱ्यानं असा भरलो! खाली तेवीस इंजिनं एकदम सुरू झाली. मी फडफडत होतो, या, या, निघा. हे मीच म्हणत होतो. दुसऱ्यावर कशाला ढकलू?

सहा वाजता वारा दक्षिणेला फिरला. सहा वाजून पाच मिनिटांनी बाहेरचा खडक दिसेनासा झाला. मग होड्या. मग धक्का. मग मला माझ्या काठीचं बूड दिसेना. पांढऱ्यात पांढरा. ओला होऊन काठीला चिकटलो.

निशिगंधा खालून धापा टाकत पुन्हा वर आली.

"खाली घ्या. लाल लावा."

"कोंबू काढायला साडेसातपर्यंत वेळ आहे."

"आजोबा, काही दिसत नाहीये!"

"विरेल आत्ता. पाच दिवस थांबून माणसं पाण्यात गेलीत. तासाभरात परत बोलावलं तर मी तोंड कुठे दाखवू?"

"बाबा लांबच्या खडकावर आहेत."

"बाकीचे बावीस आले का परत? मग तोच एकटा कसा येईल?"

बघा हिशेब. होडीवाले झेंडा उतरायची वाट बघणार, कारण आधी फिरेल तो भित्रा. आणि झेंडेवाला होड्या फिरायची वाट बघणार, कारण आधी उतरवेल तो म्हातारा झाला. मध्ये पांढरी भिंत. कुणालाच कुणी दिसत नाही आणि प्रत्येकाला दुसऱ्याची लाज!

तिनं दोरीला हात घातला. तोकुझोनं तिच्या मनगटावर फटका मारला. पुन्हा घातला, पुन्हा मारला. "जीजी, तू मारणार आहेस सगळ्यांना!" ती ओरडली. जीजी म्हणजे म्हाताऱ्या; जन्मात पहिल्यांदा त्याला एकेरीत बोलली. म्हातारा हलला नाही. बोटं दोरीवर पांढरी पडलेली. त्याला भीती वाटत होती, हे मला दोरीतून कळत होतं. पण त्या माणसाला घाबरायचंसुद्धा कसं ते कुणी शिकवलं नव्हतं.

चाळीस मिनिटं गेली. मग त्यानं मला उतरवलं आणि लाल चढवला. नीट, गाठ मारून, शिस्तीत.

निशिगंधानं वर बघितलं. लाल दिसत नव्हता. तिनं म्हाताऱ्याला विचारलं, "आता हा कुणी पाहिला?"

 ती उताराखाली पळाली. थोड्या वेळानं खालून आवाज यायला लागला, रॉकेलच्या पिंपावर लोखंडी कांब. धाण, धाण, धाण. थांबेचना. त्या आवाजावर एकेक होडी चाचपडत धक्क्याला लागली. वरून मला नुसते आवाज ऐकू येत होते, इंजिन बंद होण्याचे, कुणीतरी कुणाचं नाव घेण्याचे. बावीस झाल्या. बाहेरचा खडक लांब. तिथपर्यंत पिंप पोचलं की नाही, पोचलं तेव्हा ऐकणारं कुणी होतं की नाही, मला माहीत नाही.

धुकं अकराला विरलं. छान ऊन पडलं. बावीस घरांचा कोंबू कडक वाळला.

गुरुनाथची होडी दुपारी सापडली. कोंबूनं काठोकाठ भरलेली, आत माणूस नाही. तळाला नारिंगी जॅकेट, त्यावर दोन गुडघ्यांचे दोन खड्डे. ते जॅकेट आणून माझ्या शेजारी, एकाच खिळ्याला टांगलं. आम्ही दोघंही माणसाला जपण्यासाठी केलेले. 

गुरुनाथ सापडला नाही. इथंच राहायचंय म्हणाला होता.

गावानं तीन दिवस समुद्र बंद ठेवला, तशी रीत आहे. लोक घरी आले, वाकले, म्हणाले, समुद्रानं नेलं. हारुएनं बापासमोर चहा ठेवला, रोजच्यासारखा, दोन्ही हातांनी. निशिगंधानं तो कप उचलला आणि मोरीत ओतला.  मोठ्यांना काही बोलायचं नसतं ना. ते एकतीस वर्षं चुकले तरी त्याला अनुभव म्हणायचं.

मग सभा झाली. ऐका, तुम्हाला वाटेल मी रंगवून सांगतोय. दोन तास चर्चा झाली. भोंग्याचा विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाला, पहाटेच्या वेळी भोंगा बरा दिसत नाही. पिंपाबद्दल म्हणाले, ती पोर त्या दिवशी भानावर नव्हती. ज्यांना त्या पिंपानं घरी आणलं, तेच म्हणाले. शेवटी एकमतानं ठरलं. झेंडा लहान होता. नवा झेंडा दुप्पट मोठा करायचा.

दुप्पट मोठा. पांढराच.

दोरी पुढल्या वर्षीही तोकुझोच्याच हातात राहिली. काढून घेणं त्याला अपमानाचं वाटलं असतं.

निशिगंधानं मला खिळ्यावरून काढलं, पिशवीत कोंबलं आणि टोकियोची गाडी पकडली. तीन वर्षं झाली. कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, पार्ट-टाइम करते, ओनिगिरीच्या, म्हणजे भाताच्या मुटक्यांच्या, तारखा बघते, गिऱ्हाइकांना वाकते. एदोगावात खोली आहे, तिच्या खिडकीला मी पडदा म्हणून होतो. कधीकधी हारुएचा फोन येतो. "आजोबा थकलेत गं, एकदा येऊन जा." ती जपानीत "हो" म्हणते आणि जात नाही. मागच्या आठवड्यात आईनं सांगितलं, यंदाही जूनमध्ये एक होडी आली नाही. समुद्रानं नेली.

फोन ठेवल्यावर तिनं मला खिडकीवरून काढलं. फाडलं नाही, जाळलं नाही. नुसती घडी केली, त्या सभेत होती तशी, आणि पिशवीत घातलं. पितळी कड्या तेवढ्या कात्रीनं कापून वेगळ्या काढल्या, कारण धातू जळणाऱ्या कचऱ्यात चालत नाही. या देशात प्रत्येक गोष्ट नीट वेगळी करतात.

माझं एकच मागणं आहे, आणि तेही कुणी ऐकेल असं वाटत नाही. कधी कुठे धुकं दाटून आलं आणि तुमची माणसं आत असली, तर माझ्यासारखं काही हलवत बसू नका. हाताला लागेल ते बडवा. मोठी माणसं रागावतील. रागावू देत.

उजाडलं वाटतं. गल्लीत कचऱ्याची गाडी शिरतेय. अरुंद गल्ली, उलटी येतेय. आणि गाडीतून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येतोय, स्पष्ट, पुन्हा पुन्हा: गाडी मागे येत आहे, कृपया सांभाळा. गाडी मागे येत आहे, कृपया सांभाळा.

कचऱ्याच्या गाडीला आवाज आहे.