औषध उशिरा पडलं

थंडगार केलेलं डिझेल बारीक जाळीतून पुढे सरकेना, तेव्हा नळीमास्तरांनी आधी आपला चष्मा पुसला. दोष चष्म्याचा असता तर किती बरं झालं असतं. पण दुसरा नमुनाही तसाच अडला. जाळीवर डिझेलमधलं पांढुरकं मेण धरलं होतं.

तेलडेपोच्या प्रयोगशाळेत त्यांचे एकोणीस हिवाळे गेले होते. हातात सदा काचेची नळी, म्हणून हे नाव पडलेलं. डिझेल कडाक्याच्या थंडीत गोठू नये म्हणून त्यात एक रसायन घालायचं, हे त्यांचं काम. ते त्याला औषध म्हणत. हे औषध मोठं मानी. डिझेल कोमट असतानाच घातलं तर लागू पडतं, एकदा मेण धरलं की ढुंकून बघत नाही. म्हणून माल येईल त्याच दिवशी औषध घालायचं, असा त्यांनीच घालून दिलेला नियम होता.

काल मात्र माल आला आणि मास्तर लवकर घरी गेले. काल त्यांना अठ्ठावन्न पूर्ण झाली. धाकट्या भावाचा फोन येईल, असं त्यांना उगाच वाटत होतं. आई गेली त्या दिवशी दवाखान्यात दोघांत शब्दानं शब्द वाढला आणि बोलणं तुटलं, त्याला आता अकरा वर्षं झाली होती. मास्तर जेवण पुढ्यात घेऊन बसून राहिले. फोन काही आला नाही.

आज सकाळी त्यांनी गारठलेल्या टाकीत औषध ओतलं आणि तपासणीआधीच टँकरच्या कागदावर सही ठोकली. टँकर गेला होता बस आगारात. तिथल्या डिझेल विभागाचा प्रमुख त्यांचा धाकटा भाऊच होता.

"गप्प बसा हो," मास्तरांनी सगळं सांगितल्यावर डेपोचे साहेब म्हणाले. "एखादी बस बंद पडली तर थंडीवर ढकलू. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या. कशाला पायावर धोंडा मारून घेता?"

"घाटात बंद पडेल, साहेब. आत माणसं असतात."

मास्तरांनी फोन फिरवला.

"डिझेल विभाग." भावाचा आवाज आता थेट वडिलांसारखा झाला होता.

"तेलडेपोच्या प्रयोगशाळेतून बोलतोय. सकाळचं डिझेल वापरू नका. औषध उशिरा पडलंय. थंडीत ते गोठेल."

"दोन गाड्या भरून गेल्यात."

"घाटाच्या आधी थांबवता येतील?"

"थांबवतो. उरलेला माल परत पाठवतो." मग भावानं विचारलं, "चूक कुणाची? नोंद करावी लागेल."

"माझी."

"पूर्ण नाव सांगा."

आवाज ओळखला नसेल, असं मास्तरांनी मनाला बजावलं. मग त्यांनी सावकाश नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. त्यातलं पहिलं सोडलं तर बाकी सगळं लिहिणाऱ्याचंही होतं.

पलीकडे कागदावर पेन फिरल्याचं ऐकू आलं. मध्येच ते थांबलं, आणि पुन्हा चालू झालं.

"लिहिलं. आणखी काही?"

अकरा वर्षांचं साठलेलं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं.

"नाही. एवढंच."

फोन ठेवल्याचा आवाज झाल्यावरही मास्तरांनी रिसीव्हर कानाशी तसाच धरला होता.

"काय म्हणाले?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," मास्तर म्हणाले. "नाव लिहून घेतलं."