धुऱ्याकडच्या पाच ओळी

सुलोचनाबाईंचा विश्वास दोनच गोष्टींवर होता. एक स्वतःचे डोळे, दुसरा त्यावरचा चष्मा. त्यातही चष्मा हिंगणघाटच्या दुकानदारानं दिलेला, म्हणून त्याच्यावर जरा कमीच.

अल्लीपूरचं त्यांचं वावर प्रफुल बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करत होता. यंदा सोयाबीन पेरायच्या दिवशी त्या नेमक्या समुद्रपूरला बारशाला गेल्या. परत येतात तर पेरणी उरकलेली.

"काकू, बियाण्याले जिवाणू चोळले, सावलीत सुकवले, मंग पेरलं," प्रफुल म्हणाला. "आता युरिया नाई लागत. झाड हवेतूनच खत घेते."

"म्या पाह्यलं काय चोळताना?"

पाहिलं नव्हतं, आणि बिनसलं ते तिथंच. पुढं वावरातल्या खोपडीत जिवाणूची बाटली सापडली. तळाशी चार बोटं द्रव शिल्लक. दुकानदारानं मोठी बाटली दिली, हे प्रफुलचं म्हणणं. सुलोचनाबाईंनी ते ऐकून घेतलं, म्हणजे मानलं नाही.

एका मंगळवारी तो बाजाराला गेला, तशी त्यांनी घमेलं भरून युरिया नेला आणि धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, पाच ओळींना फेकला. रस्त्यावरून त्या ओळी दिसत नव्हत्या. बाकी वावर बुडालं तरी एवढं तरी हाती लागावं. पंधरा दिवसांत त्या ओळी काळ्याभोर हिरव्या झाल्या. बाकीचं पीक त्यापुढं फिकट. झालं, काकूंना पुरावा मिळाला. आता त्याला चारचौघांत पकडायचं तेवढं राहिलं.

ऑगस्टात गावात कृषी सहायक वर्षाली आली, तिलाच त्या धरून वावरात घेऊन गेल्या. वाटेत प्रफुलला सांगून टाकलं, "खोटा निघाला तं पुढच्या साली वावर दुसऱ्याले."

दोन वर्षांत प्रफुलनं त्या जमिनीतले दगड वेचून धुरा बांधला होता.

"मुळंच सांगतील," वर्षाली म्हणाली. "जिवाणू लागले की मुळांना गाठी येतात. फोडून आतून लाल दिसली तर गाठ कामावर. पांढरी असली तर रिकामटेकडी."

प्रफुल वावराच्या मधे निघाला. काकूंनी अडवलं.

"तुह्या दाखवायच्या जागेचं नको. धुऱ्याकडचं उपट."

उपटलं. मुळांना मोजून सहा गाठी, त्याही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. वर्षालीनं एक फोडली. पांढरीफटक.

"पाह्यलं ना, पोरी? बारशाले गेलती म्हणून मले उल्लू बनवलं यानं!"

वर्षाली मात्र पानांकडं बघत होती. एवढी हिरवी पानं आणि मुळं अशी? तिनं आत जाऊन मधलं एक झाड उपटलं. त्याला गाठींचे घोसच्या घोस. नखानं एक चिरली, तर आतून लालभडक.

सुलोचनाबाईंनी तिचं नख पाहिलं. नखालाही लाल रंग होता.

"थांब." त्यांनी कमरेचा विळा काढला, स्वतः दुसरी गाठ कापली. मग तिसरी. तीही लाल.

"रक्त होय काय वं हे?"

"रक्ताचं चुलतभावंड म्हणा, काकू. आपल्या रक्तात लोहाचं लाल द्रव्य असतं ना, तशाच घडणीचं. गाठीतल्या जिवाणूंना श्वासाला प्राणवायू हवा, पण मोकाट झाला तर खत करायचं काम बंद पडतं. म्हणून हे द्रव्य प्राणवायू धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच सोडतं."

हे काकूंना लगेच समजलं. साखरेच्या डब्याची किल्ली त्या अशीच कमरेला ठेवत.

"मग धुऱ्याकडं काऊन नाई?"

"तिथं कोणीतरी युरिया टाकलाय. आयतं मिळालं की झाड गाठी पोसत नाही."

प्रफुल खाली बघत म्हणाला, "शेजारच्या किसनरावच्या वावरातून वाहून आला असन."

काकूंनी तोंड मिटून घेतलं असतं तर तिथं सगळं निभावलं असतं. पण कच्चं खोटं त्यांना सहन होत नसे.

"किसनरावचं वावर खाली हाय! पाणी वर चढते काय?" आणि मग, बराच वेळ विळा पुसून झाल्यावर, "म्याच टाकला."

"मालूम हाय. चिखलात तुमच्या चपलेचा ठसा होता. डाव्या टाचेचा तुकडा उडालेला."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुम्ही म्हटलं असतं, तुमची चप्पल म्याच घालून गेलतो."

काकूंनी विचार करून पाहिला. म्हटलं असतं.

"पुढच्या साली बियाणं माह्या अंगणात चोळजो," त्या म्हणाल्या. "माह्या डोळ्यांपुढं."

"पुढच्या साली?" प्रफुलनं मान वर केली.

"बहिरा हायेस काय?"

एक झाड मुळासकट त्यांनी घरी नेलं. पोचेस्तोवर कापलेल्या गाठींचा लाल रंग उतरून तपकिरी पडला होता. काकूंनी दार लावून घेतलं, चष्मा पुसला आणि एक नवी गाठ विळ्यावर धरली.

लालच निघाली.