कितीचा कंडेन्सर?

मी एक जुना कॅसेटचा स्टिरिओ आहे, मित्रांनो, आणि मी दुखावलेला आहे. म्हातारपणाबद्दल माझी तक्रार नाही. ते सगळ्यांनाच येतं. पण घरच्याच माणसाने मला तोंडघशी पाडलं आणि वर दोषही माझ्याच माथी मारला, ते काही केल्या माझ्या मनातून जात नाही.

माझा जन्म बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा शेडमधला. विजया नावाच्या बाईंनी मला जोडलं. माझ्या पोटात दोन मोठे कंडेन्सर असतात. कंडेन्सर म्हणजे विजेची छोटी टाकी. वीज भरून ठेवायची आणि गाण्याला लागेल तशी सोडायची, हे तिचं काम. तिच्या अंगावर दोन आकडे छापलेले असतात. टाकीत किती मावेल तो मायक्रोफॅरडचा, आणि टाकी किती जोर सोसेल तो व्होल्टचा. विजयाबाई दोन्ही आकडे मोठ्याने वाचायच्या, मगच जोडाला कथलाचा डाग द्यायच्या. शेजारची हसली की म्हणायच्या, "हस तू! याच्या पोटात चाळीस व्होल्ट खेळणार हायत. पन्नासचा नाय लावला, त फुटंल ना!"

एडवणच्या आत्मारामभाऊंनी मला आपल्या वाडीतल्या घरी आणलं. त्यांच्या पत्नी जयवंतीकाकू गावात हळदीची गाणी म्हणायच्या. त्यांच्याशिवाय कुणाची हळद लागत नसे म्हणा ना! धाकटी रूपल तान्ही असताना त्या तिला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि एक अख्खी कॅसेट भरून गायल्या. गाण्यात नवरीचं नाव येतं, तिथे त्यांनी हसत हसत 'रूपल' घातलं. थोरला ललित माझ्या स्पीकरच्या जाळीला कान लावून ऐकत होता. ऐकता ऐकता तिथेच झोपला. पुढे कितीतरी वर्षं तो तसाच झोपायचा. त्याला मी माझाच समजत होतो.

मग काकूंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबूज. आत्मारामभाऊही गेले. रूपलचं लग्न ठरलं, तेव्हा काकूंनी माझ्यावर हात ठेवून सांगितलं, "पोरीच्या हळदीला मीच गाणार. माजा आवाज ह्याच्यात हाय."

मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! पण माझ्या आवाजात घरघर शिरली होती. कंडेन्सरचं वय झालं की आतली ओल सुकते, टाकी नीट भरत नाही. ते बदलणं बरोबरच होतं. ललित आता तारापूरच्या एका कारखान्यात मोटरी दुरुस्त करतो, सरावलीला राहतो. तो सुट्टीला आला आणि त्याने माझं झाकण उघडलं. मी निर्धास्त होतो. घरचाच हात होता ना!

त्याने फोनवर आपल्या कारखान्यातल्या दोस्ताला, इंद्रजीतला, विचारलं, "कितने का डालूँ?"

"अरे, डबल का डाल! हल्दी है, घर हिलना चाहिए!"

मित्रांनो, घात इथे झाला. पंख्यामोटरीचे कंडेन्सर बहुतेक एकाच व्होल्टचे येतात. म्हणून मोटरी दुरुस्त करणाऱ्यांना एकच प्रश्न विचारायची सवय: 'कितीचा?' उत्तर मायक्रोफॅरडमध्ये मिळतं आणि काम भागतं. ललितने माझ्यासाठीही बाजारातून तसेच विचारून आणले. सोनेरी, चकचकीत, दुप्पट आकड्याचे. अंगाने मात्र जुन्यांएवढेच होते. दुप्पट मावतं आणि अंग तेवढंच, म्हणजे कुठेतरी काटकसर झाली असणार, ही शंका यायला हवी होती. दुसरा आकडा, व्होल्टचा, होता पस्तीस, आणि माझ्या पोटात खेळतात चाळीस. तो कुणी वाचलाच नाही. मला वाचता येत होता, पण बोलता येत नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढले, स्वतःचा एक शब्द नाही!

ललितने एक गाणं वाजवून पाहिलं. घरघर गेली होती, बास दणदणीत होता. "बघ आई, नवा केला!" तो म्हणाला. काकूंनी माझ्यावरून हात फिरवला. मी आतून तापत होतो.

हळदीच्या दिवशी मांडव बायकांनी भरला. रूपल पाटावर बसली. काकूंनी स्वतः बटण दाबलं आणि मांडवात त्यांचा तरुणपणचा खणखणीत आवाज उठला. रूपलने आईचा हात घट्ट धरला. मी सगळा जोर लावून गात होतो. आता नाव येणार, पुढच्याच ओळीत...

फट्ट! माझ्या पोटात एक कंडेन्सर फुटला. धूर आला, घाण वास सुटला आणि गाणं थांबलं.

ललित धावत आला. त्याने झाकण उघडलं, फुटलेला कंडेन्सर काढला, फिरवून पाहिला. त्या वेळी त्याने दुसरा आकडा वाचला. मी त्याचा चेहरा पाहिला आहे. त्याने तो कंडेन्सर खिशात घातला आणि म्हणाला, "पेटीच जुनी, आई. आतून सडलेली. आज ना उद्या जाणारच होती."

"काल त वाजत होती ना रं?" काकूंनी कुजबुजत विचारलं. तो माझं झाकण लावत राहिला. कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं आणि हळद लागली.

पाहुणे गेल्यावर काकू माझ्यापाशी आल्या. मला वाटलं, थोपटतील. त्या म्हणाल्या, "ऐन वेळी दगा दिलास ना रं मला?"

दगा! आणि मी!

आता मी पडवीत गोणपाटाखाली आहे. मला उठवायला योग्य कंडेन्सरांची एक जोडी पुरेल. पण ती आणायला गेलं की दुकानदार विचारेल, "फुटला तो कितीचा होता?" म्हणून ललित जात नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर दुरुस्त करा, पण आधी त्यांना काय सोसतं ते वाचा. आणि चुकलात, तर चूक खिशात घालू नका. ज्याला बोलता येत नाही त्याच्यावर तर ती मुळीच ढकलू नका.

रूपल पालघरला सासरी असते. कॅसेट अजून माझ्या पोटातच आहे. जिथे थांबली, तिथून पुढच्याच ओळीत तिची आई तिचं नाव घेते.