चालत्या सर्व्हरला लावलेला कान

माझ्या नवऱ्याच्या 'निघालो' या शब्दावर आमच्या घरात कुणी आमटी सोडा, चहासुद्धा गरम करत नाही. फोनवर तो 'निघालो' म्हणतो तेव्हा मागे नळ वाहत असतो. 'पोचलोच' म्हणतो तेव्हा एक मोजा सापडत नसतो. आमच्या लग्नातसुद्धा 'दारातच आहे' असा निरोप आला आणि त्यानंतर पाहुण्यांचं चहापाणी दोनदा झालं. माणूस वाईट नाही. मनाने निघाला की आपण निघालो असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं, पाय मागाहून येतात.

हा माणूस रुग्णवाहिका चालवतो. हसा आता.

स्टिअरिंग हातात आलं की तो वेगळाच असतो, असं सगळे ड्रायव्हर सांगतात. मी पाहिलेलं नाही. मी त्याच खात्यात आहे, पण मागच्या खोलीत, सर्व्हरपाशी. लोक मदतीला फोन करतात, पुढच्या खोलीतल्या बायका पत्ता टिपून घेतात, सर्व्हर जवळची गाडी निवडतो आणि त्या गाडीतल्या स्क्रीनवर निरोप धाडतो. निरोप दिसला की गाडी निघते. सर्व्हरची तब्येत सांभाळणं हे माझं काम. तो बरा असला की मला कुणी ओळखत नाही, बिघडला की माझा नंबर सगळ्यांना तोंडपाठ असतो.

तर एका दुपारी एका आजींना श्वास लागला आणि गाडी फार उशिरा पोचली. आजी वाचल्या, पण अजून त्यांना धड बोलता येत नाही. त्यांच्या मुलाने तक्रार केली. सर्व्हरची नोंद काढली, तर निरोप वेळेवर 'पाठवला' असं लिहिलेलं आणि गाडी हलली होती बऱ्याच वेळाने. गाडीवर कोण होतं हे वेगळं सांगायला नको.

"निरोपच उशिरा आला," नवरा म्हणाला. "आला तसा मी लगेच निघालो."

झालं. नेमका तोच शब्द तोंडातून गेला. सासूबाई जेवता जेवता थांबल्या आणि म्हणाल्या, "खरंच निघाला होतास ना रे?" तो ताटावरून उठला.

चौकशी होईपर्यंत त्याला गाडीवरून उतरवलं आणि गाड्या धुवायला लावलं. दोष शाबीत झाला, तर पुन्हा कधी गाडी मिळणार नव्हती. त्याला दुसरं काही येत नाही, आणि करायचंही नाही. घरी आला की बूट न काढता बसून राहायचा. मला ते बघवत नव्हतं.

मी साहेबांकडे गेले. आमच्या साहेबांना माघारी सगळे 'भिंतसाहेब' म्हणतात, कारण त्यांनी हट्टाने एका अख्ख्या भिंतीवर पडदे बसवून घेतलेत. त्यावर गावभरच्या गाड्या हलताना दिसतात. पाहुणे आले की भिंत लागते, पाहुणे गेले की बंद होते. कामासाठी तिच्याकडे कुणीही बघत नाही.

"साहेब, सर्व्हर तपासावा म्हणते."

"त्यात तपासायचं काय? चौकशीआधी एकदा रीस्टार्ट मारून टाका. सगळं कसं स्वच्छ!"

रीस्टार्ट हे साहेबांचं एकमेव औषध. त्याने दुखणं पळतं, हे खरं. पण दुखत कुठे होतं, तेही पुसलं जातं. शिवाय तेवढ्या वेळात बायकांनी काय करायचं? हाका मारायच्या गाड्यांना?

"बंद न करता बघते," मी म्हटलं.

"धावत्या गाडीचं इंजिन उघडणार तुम्ही?"

"उघडत नाही. कान लावते."

खरंच तसंच असतं ते. चालत्या प्रोग्रॅममध्ये आपल्याला हवी ती जागा निवडायची आणि तिथे एक छोटासा कान बसवायचा. निरोप तिथून गेला की कान वेळ टिपतो, बाकी लुडबुड करत नाही. तिथे काही सापडलं नाही, तर काढून दुसरीकडे लावायचा. सर्व्हरचं काम चालूच राहतं.

"पण नवऱ्याची केस आहे हो. लोक बोलतील."

"बोलू देत. जे निघेल ते सगळ्यांसमोर ठेवीन. त्याच्या विरुद्ध निघालं तरी ठेवीन."

हे मी तावातावाने बोलून गेले खरी.

पहिला कान लावला तो 'पाठवला' असं लिहिलं जातं त्या जागेवर. तिथे सगळं चोख. फोन आला, गाडी निवडली, 'पाठवला' लिहिलं, कुठे म्हणून बोट ठेवायला जागा नाही. घरी नवरा विचारायचा, "सापडलं?" मी म्हणायचे, "नाही." तो म्हणायचा, "बरं." एवढंच आमचं बोलणं. आणि खरं सांगते, माझ्या मनात पाल चुकचुकली होती. या माणसाचा मोजा तर सापडत नव्हता ना त्या दिवशी?

एका संध्याकाळी मी त्याला फोन केला. "कुठे आहेस?"

"निघालो."

मागे गाडी धुण्याचा पाइप सूं सूं करत होता. मी कपाळाला हात लावला, आणि तो हात तिथेच राहिला. हा 'निघालो' म्हणतो आणि निघालेला नसतो. मग सर्व्हर 'पाठवला' म्हणतो तेव्हा तरी त्याने पाठवलेलं असतं कशावरून?

उठले आणि प्रोग्रॅम उघडून वाचला. तर काय! हा शहाणा आधी 'पाठवला' असं लिहीत होता, मग निरोप रांगेत उभा करत होता, आणि निरोप बाहेर पडायचा तो रांग सरकली की. इतकी वर्षं मी दोन खोटारड्यांबरोबर संसार करत होते आणि संशय एकावरच घेत होते.

मी कान तिथून काढला आणि निरोप जिथून खरोखर बाहेर पडतो त्या दारावर लावला. तिथेही काही नाही. 'पाठवला' लिहिल्यापासून दारापर्यंत निरोपाला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नव्हता. सवय खोटी होती, पण खोटं काही पकडलं जाईना. चौकशी तोंडावर आली होती आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

मग पाहुणे आले. साहेब इस्त्रीचे कपडे घालून त्यांना भिंतीपुढे घेऊन गेले, भिंत लागली, आणि माझ्या स्क्रीनवर निरोप रांगेत ताटकळायला लागले. मी धावत पुढच्या खोलीत गेले. "गाड्यांना थेट फोन लावा, स्क्रीनच्या भरवशावर राहू नका!" बायकांनी का म्हणूनही विचारलं नाही, सरळ फोन लावले.

परत येऊन रांगेच्या तोंडाशी तिसरा कान लावला. निरोपांच्या पुढे कोण घुसतंय? तर भिंत. ती प्रत्येक गाडीबद्दल सारखी विचारत होती, 'कुठे आहे? आता कुठे आहे? आता?' आणि सर्व्हर हातातलं काम टाकून आधी तिला उत्तरं देत होता. पाहुणे गेले, भिंत बंद झाली, आणि रांग मोकळी.

एकदा झालं म्हणून मी मान्य करणारी नाही. बायकांना थेट फोनवरच राहायला सांगितलं, तपासणीपुरते खोटे निरोप तयार ठेवले आणि साहेबांकडे गेले. "साहेब, मला मेलीला ती भिंत तुम्ही कधी नीट दाखवलीच नाहीत." साहेबांची छाती फुगली. त्यांनी मला सगळे रंग समजावून सांगितले. खोटे निरोप रांगेत अडकले, अगदी तसेच.

चौकशीला टेबलापलीकडे दोन अधिकारी आणि साहेब, अलीकडे नवरा, आणि दाराला टेकून आजींचा मुलगा. मी तिन्ही कानांनी काय ऐकलं ते सांगितलं. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"पण त्या दुपारी भिंत लागली होती याला पुरावा काय?"

"तुमच्या मागे टांगलाय, साहेब."

मागे त्यांचा पाहुण्यांबरोबरचा फोटो होता, त्यांनी स्वतः हौसेने लावलेला. खाली त्याच दिवसाची तारीख आणि वेळ. फोटोत भिंत झगमगत होती.

आजींचा मुलगा पहिल्यांदाच बोलला. "म्हणजे माझी आई तडफडत होती, तेव्हा तुम्ही इथे गाड्या दाखवत होता?"

साहेब मान वळवून फोटोकडे बघत राहिले.

नवऱ्याला गाडी परत मिळाली. घरी सासूबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मी आपली खुशीत होते. तो बूट काढता काढता म्हणाला, "एक विचारू? मोजायच्या आधी तुला काय वाटत होतं?"

'मला तर खात्रीच होती,' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? पण सगळं आयुष्य मोजण्यात गेलंय.

"ठाऊक नव्हतं," मी म्हटलं. "म्हणून तर मोजलं."

"म्हणजे माझं खरं वाटलं नव्हतं."

"अर्धं वाटलं होतं."

"बरं," तो म्हणाला आणि बूट कोपऱ्यात नीट जोडून ठेवले. मला फार वाईट वाटलं, आणि तसं मी त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "तू कशाला वाईट वाटून घेतेस? माझंच तोंड तसलं."

त्या दिवसापासून त्याने तोंडच बदललं. कुठे आहेस विचारलं की म्हणतो, "अजून निघालो नाही. किल्ली देतोय. मग हात धुणार, मग निघणार." जसंच्या तसं, अगदी खरं. सासूबाई खूश आहेत, चहा वेळेवर गरम होतो. मला मात्र त्याचं ते धडधडीत खोटं 'निघालो' ऐकावंसं वाटतं. पण मागणार कुठल्या तोंडाने?

परवा कामावरून मीच त्याला फोन केला. "निघाले," म्हटलं. अजून खुर्चीतच होते.

मग तो म्हणाला, "मागे सर्व्हरचे पंखे ऐकू येतायत," आणि कितीतरी दिवसांनी हसला.