भूमितीच्या बाईंचा गोल्फ

रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या खुशनुमाच्या नवऱ्याने दुबईहून गोल्फच्या जुन्या काठ्या आणल्या होत्या. तो परत गेल्यावर तिने मैत्रीण नमिताला कापणी झालेल्या शेतात खेळायला बोलावलं. चेंडू काठीने मारत बांधाजवळच्या खड्ड्यात घालायचा, एवढंच. नमिता रोह्याला भूमिती शिकवायची. हा तर आपल्या हातचा मळ, असं तिला वाटलं. तिने पदर खोचून जोरात काठी फिरवली. चेंडू हलला नाही, पायातली चप्पल मात्र बांधापार गेली.

“भूमितीच्या बाई, कोन चुकला,” ती स्वतःलाच म्हणाली.

“किती फटके झाले गो?” बऱ्याच वेळाने खुशनुमाने हसू दाबत विचारलं.

“तेवीस.”

“एकही खड्ड्यात नाही, मग मोजतेस कशाला?”

नमितालाच आधी हसू फुटलं. संध्याकाळपर्यंत चेंडू काही खड्ड्यात गेला नाही; पण खुशनुमाच्या ओटीवर चहा पिताना पुढचा रविवार ठरला.