ताप यायची वाट

दाजींच्या जिभेनं उघडणार नाही असं दार अजून कुणी बांधलेलं नाही, असं त्यांची बायको म्हणायची, आणि ते काही कौतुकानं नाही. पण साथीत रस्ते बंद झाले, बस थांबल्या आणि तिच्या धाकट्या भावाच्या कॅन्सरच्या औषधाची एक पाळी चुकली, तेव्हा तीच म्हणाली, "आता चालवा की ती जीभ!"

दाजी बेकरीची गाडी चालवत. पावाच्या गाडीला पोलीस अडवत नसत, म्हणून मेहुणा मागे पावाच्या ट्रेंच्या मधे अंग चोरून बसला आणि शहराकडे निघाला.

"राजे, पावावर हात मारू नका. मालक मला मारील," दाजी ओरडले.

मेहुणा सायकली दुरुस्त करायचा. एरवी शब्दाला शब्द भिडवणारा गडी आज नुसता हसला. गाडीत चढवतानाच दाजींना त्याचं अंग गरम लागलं होतं.

हॉस्पिटलच्या फाटकात शिपाई ताप मोजायचं पिस्तूल घेऊन बसतो आणि ताप निघाला की माणसाची रवानगी थेट साथीच्या इमारतीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथून कॅन्सरच्या खोलीकडे कुणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. म्हणून दाजींनी वाटेत त्याला तापाची गोळी दिली आणि फाटकाच्या अलीकडे गाडी थांबवून ओल्या फडक्यानं त्याचं कपाळ पुसलं.

पिस्तूल टुक वाजलं. "जा," शिपाई म्हणाला.

दाजींनी मिशीत हसून मेहुण्याला आत नेलं. सगळं हॉस्पिटल साथीनं गिळलं होतं. कॅन्सरवाल्यांसाठी एवढी एकच खोली उरली होती. शेजारच्या खुर्चीतल्या बाईला सिस्टर विचारत होती, "ताप, थंडी काही? खरं सांगा हं. या औषधानं अंगातले राखणदारच झोपतात. तापात दिलं तर माणूस हातचा जातो."

दाजींनी मेहुण्याकडे पाहिलं. बोलावं तर आजची पाळी गेली, पुढची मिळेल याचा भरवसा नाही, आणि वर साथीची इमारत. न बोलावं तर आपणच हाताला धरून याला मरायला आणलं. तेवढ्यात सिस्टर सलाईनचा स्टँड ढकलत आली. मेहुण्यानं हौसेनं बाही वर केली. "मी ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"त्याला ताप आहे," दाजी म्हणाले. "मी लपवला. गोळी दिली."

"दाजी! काय केलंत हे!"

"एकच दिली?" सिस्टरनं विचारलं.

"एकच. वाटेत."

मेहुण्यानं मान खाली घातली. "निघताना मीपण एक घेतली होती. परवापासून घेतोय. ताईला कळू नये म्हणून."

दाजींनी घरी फोन लावला. पलीकडून बायको म्हणाली, "अहो, चहातून मीही दिली की. अंग कढत लागलं त्याचं. उगाच घाबरला असता."

सिस्टर स्टुलावर बसली. ती रागावली असती तर दाजींना बरं वाटलं असतं. "दारात हाकलतात म्हणून तुम्ही लपवता," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "कुणाला बोलू आता?"

डॉक्टर उभ्या उभ्याच बोलले. आज कॅन्सरचं औषध नाही. रक्त आणि नाकातला नमुना तपासायला जाईल. निकाल येईपर्यंत मागच्या व्हरांड्यात खाट, जंतू मारणारं सलाईन लगेच सुरू. "या गोळ्यांखाली खरा ताप किती आहे, ते कळायला हवं. आता कुणी काही द्यायचं नाही. चढला की हाक मारा."

"आणि पुढची पाळी?" दाजींनी विचारलं.

"आधी याला वाचवू."

व्हरांड्यात मेहुणा भिंतीकडे तोंड करून पडला. बेकरीच्या मालकाचा फोन वाजून वाजून बंद झाला.

"पाळी घालवलीत माझी," मेहुणा म्हणाला.

"हो," दाजी म्हणाले.

बायकोचा फोन आला. "ताप आहे का हो?"

"अजून नाही आला."

"मग बरंच झालं ना?"

ज्या तापाला तिघांनी एकमेकांपासून दडवलं, त्याचीच आता पाहुण्यासारखी वाट बघायची होती. तो यावा असंही वाटत होतं, आणि येऊ नये म्हणून जीव तुटत होता.

उन्हं कलताना मेहुणा कुडकुडायला लागला. त्यानं चादर हनुवटीपर्यंत ओढली. सिस्टरनं दिलेलं थर्मामीटर दाजींच्या खिशातच राहिलं. लांब बसा, शिवू नका, असं बजावलं होतं, तरी त्यांचा हात कपाळावर गेला. कपाळ भाजत होतं.

"सिस्टर!" दाजींनी हाक मारली. "आला! ताप आला!"

आतून पावलं वाजली. दाजी हात मागे घेऊ लागले, तर मेहुण्यानं तो धरून ठेवला.

"राहू द्या, दाजी," तो म्हणाला. "गार लागतोय."